तामागोची: पिल्लाला कधी रागवायचं आणि कधी नाही

तामागोची, म्हणजे पडद्यावरचं पिल्लू पाळायचं छोटं इलेक्ट्रॉनिक खेळणं, सांभाळणारे बहुतेक जण भरवायला विसरत नाहीत. घाण लगेच साफ करतात, रात्री दिवा घालवतात, आजारी पडलं तर औषधही देतात. तरीही पिल्लू मोठं होतं तेव्हा हवं ते पात्र निघत नाही. मीटर, म्हणजे भूक, आनंद आणि शिस्त दाखवणारी पानं, उघडून बघितलं की कारण समोर येतं: शिस्तीची पट्टी अर्ध्यावर किंवा त्याहूनही खाली. हाक आली की भूक लागली असं धरायचं आणि खाऊ पुढे करायचा, ही सवय त्याच्या मुळाशी आहे.

हाका दोन प्रकारच्या असतात. एक खरी, म्हणजे पिल्लाला काहीतरी हवंय. दुसरी हट्टाची, म्हणजे काहीही नको असताना मारलेली. आवाजावरून त्या ओळखता येत नाहीत, दोन्हीची पिपाणी सारखीच वाजते. पण ओळखायची रीत ठरलेली आहे आणि ती पाळली तर अंदाज करायची वेळच येत नाही.

हा लेख बंदाई या जपानी कंपनीच्या पहिल्या पिढीच्या तामागोचीसाठी आहे, म्हणजे २३ नोव्हेंबर १९९६ रोजी जपानमध्ये विक्रीला आलेलं तीन बटणांचं अंड्याच्या आकाराचं खेळणं, आणि २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आलेली त्याची आवृत्ती. १९९७ मधल्या दुसऱ्या पिढीत पात्रं आणि खेळ वेगळे आहेत, पण हाक तपासायची पद्धत हीच.

आधी बघा: तुमच्या खेळण्यात शिस्त आहे का?

पडद्याच्या वर चार आणि खाली चार अशी आठ चिन्हं मोजा. खालच्या ओळीत बोलणाऱ्या तोंडाचं चिन्ह असेल तर हा लेख तुमच्यासाठी. तामागोचीच्या काही छोट्या आवृत्त्यांमध्ये शिस्तीचं चिन्हच नाही, तिथे यातलं काही लागू होत नाही. ‘१६८ इन १’ अशा नावांनी मिळणारी स्वस्त खेळणी दिसायला तशीच असतात, पण त्यांच्या आतले नियम वेगळे असतात. त्यांच्यावर इथले आकडे लावू नका. नंतरच्या काही मॉडेलमध्ये रागावण्याबरोबर शाबासकीचाही पर्याय येतो. तिथे त्या मॉडेलची माहितीपत्रिकाच प्रमाण माना.

टप्पा १: अंडं सुरू करण्याआधीची तयारी

*बॅटरी.* १९९६-९७ च्या मूळ खेळण्याला एलआर ४४ चे दोन बटण सेल लागतात. घड्याळाच्या दुकानात हाच सेल एजी १३ या नावानेही मिळतो. २०१८ च्या आवृत्तीला सीआर २०३२ चा एक चपटा सेल लागतो. मागचं झाकण उघडायला चष्म्याच्या दुकानात वापरतात तसा बारीक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर पुरतो. मूळ खेळण्यात सेल काढला की पिल्लू गेलंच, पुन्हा अंड्यापासून सुरुवात. म्हणून जुना सेल ‘अजून चालतोय’ म्हणून ठेवू नका. पडदा फिकट किंवा आवाज बारीक झाला असेल तर नवीन पिल्लू सुरू करण्याआधीच सेल बदला.

*घड्याळ.* सुरुवातीला वेळ लावल्याशिवाय अंडं फुटत नाही. वेळ लावताना ए बटणाने तास, बी बटणाने मिनिटं आणि सीने पक्कं. नंतर कधी वेळ बदलायची असेल तर मुख्य पडद्यावर बी दाबून घड्याळ आणा आणि ए व सी एकदम दाबा. सकाळ-संध्याकाळ नीट बघा. बारा तासांची चूक झाली तर पिल्लू भर दुपारी झोपेल आणि तुमच्या झोपेच्या वेळी हाका मारेल.

*आवाज.* मुख्य पडद्यावर ए आणि सी एकदम दाबले की आवाज बंद-चालू होतो. पिशवीत टाकताना हीच दोन बटणं चुकून दाबली जातात आणि आवाज बंद झालेला कळतही नाही. शिस्त शिकवायची असेल तर आवाज चालू हवा.

*वही.* छोटा कागद पुरे. प्रत्येक हाकेची वेळ, मीटरवर भुकेची आणि आनंदाची किती हृदयं भरलेली होती ते, आणि तुम्ही काय केलं एवढ्या चार गोष्टी लिहा. एकाच दिवसाच्या नोंदीवरून तुमच्या पिल्लाचं हृदय साधारण किती वेळाने कमी होतं ते कळतं आणि पुढची खरी हाक केव्हा येईल याचा अदमास येतो. घरात दोघं-तिघं मिळून सांभाळत असतील तर हा कागद हवाच. नाहीतर आईने भरवलेलं मुलाला माहीत नसतं आणि मुलगा रागावला ते आजीला.

> तपासणी: वेळ बरोबर, आवाज चालू, सेल नवा. तिन्ही झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा २: चिन्हांचा क्रम पाठ करा

वरच्या ओळीत डावीकडून जेवण, दिवा, खेळ, औषध. खालच्या ओळीत बदक म्हणजे सफाई, मग तराजू म्हणजे मीटर, मग बोलणारं तोंड म्हणजे शिस्त, आणि शेवटी हाकेचं चिन्ह.

ए बटणाने एकेक चिन्ह पुढे जातं, बीने ते उघडतं, सीने मागे येता येतं. काहीच निवडलेलं नसेल तर ए सहा वेळा दाबलं की मीटर, सात वेळा दाबलं की शिस्त. मीटर आणि शिस्त शेजारीशेजारी आहेत हे ध्यानात ठेवा, कारण आपल्याला सगळं काम याच दोन चिन्हांत करायचं आहे. आठवं, हाकेचं चिन्ह निवडता येत नाही. पिल्लाने हाक मारली की ते आपोआप गडद होतं.

मीटर उघडल्यावर बी दाबत गेलं की पानं बदलतात: वय आणि वजन, शिस्तीची पट्टी, भुकेची चार हृदयं, आनंदाची चार हृदयं.

टप्पा ३: हाक आली की आधी पडदा बघा

बटणाला हात लावण्याआधी तीन गोष्टींवर नजर टाका.

पिल्लाशेजारी कवटी दिसतेय का? मग ते आजारी आहे. औषध द्या. एका मात्रेने कवटी गेली नाही तर दुसरी द्या. आजारी पिल्लू जेवण आणि खेळ दोन्ही नाकारतं, म्हणून त्या नकाराला हट्ट समजू नका.

खाली घाण पडलीय का? बदकाने साफ करा.

झोपेची खूण दिसतेय आणि दिवा चालू आहे का? मग हाक दिव्यासाठी आहे. दिवा घालवा, काम झालं.

कवटी आणि घाण यांच्यासाठी हाकेची वाट बघत बसू नका. दिसली की लगेच आवरा. पडदा स्वच्छ, पिल्लू जागं आणि ठणठणीत असेल तरच पुढच्या टप्प्यावर या.

टप्पा ४: मीटर वाचा. इथेच सगळं ठरतं

मीटर उघडा आणि थेट तिसऱ्या-चौथ्या पानावर जा. नियम एका ओळीचा आहे:

भूक किंवा आनंद यांपैकी एकाची चारही हृदयं रिकामी असतील तर हाक खरी. दोन्हींत निदान एक-एक भरलेलं हृदय असेल तर हाक हट्टाची.

बहुतेकांचा घोटाळा नेमका इथे होतो. भुकेचं एकच हृदय उरलेलं दिसलं की मन म्हणतं, बिचारं उपाशी आहे. आपल्या दृष्टीने ते उपाशी असेलही, पण तामागोची एका हृदयाला हाक मारत नाही. ते हाक मारतं शेवटचं हृदयही गेल्यावर. एक हृदय शिल्लक असताना आलेली हाक भुकेची असूच शकत नाही. पडदा तपासून झालेला आहे, झोप नाही, मग राहिला तो हट्ट.

चार प्रसंग बघा.

दुपारी चारला हाक. भूक दोन, आनंद तीन. पडद्यावर काही नाही. हट्ट आहे, रागवा.

सकाळी साडेनऊला हाक. भूक शून्य, आनंद दोन. खरी हाक आहे. जेवण द्या. प्रत्येक घासाला एक हृदय भरतं, चार होईपर्यंत द्या. रागावू नका.

संध्याकाळी सहाला हाक. भूक एक, आनंद एक. सगळ्यात फसवा प्रसंग हाच. दोन्ही मीटर जवळजवळ रिकामी दिसतात म्हणून लोक आधी भरवायला धावतात. पण शून्य कुठेच नाही. आधी रागवा, लगेच नंतर दोन्ही भरा.

सातला हाक. भूक तीन, आनंद शून्य. खरी आहे. खेळ खेळा. पाच फेऱ्या असतात, पिल्लू डावीकडे वळेल की उजवीकडे ते ओळखायचं, ए म्हणजे डावं आणि बी म्हणजे उजवं. तीन बरोबर आल्या की एक हृदय भरतं. जिंकलं तरी हरलं तरी वजन एकाने उतरतं. हातात वेळ नसेल तर खाऊ द्या, त्यानेही आनंदाचं एक हृदय भरतं, मात्र वजन दोनाने चढतं. खाऊवर खाऊ दिला तर पिल्लू आजारी पडतं.

यातून एक सोपी युक्ती निघते. दिवसभर दोन्ही मीटर तीन-चार हृदयांवर ठेवा. हाकेची वाट न बघता अधूनमधून भरवा आणि खेळा. मग दिवसा आलेली जवळजवळ प्रत्येक हाक हट्टाचीच असेल. तरीही मीटर बघितल्याशिवाय रागावू नका. घरातल्या दुसऱ्या कोणी भरवायचं राहून गेलेलं असू शकतं.

> सावधान: हाक साधारण १५ मिनिटं टिकते. खरी असो वा हट्टाची, तेवढ्यात उत्तर द्यायला हवं. मीटर वाचायला दहा सेकंद लागतात, म्हणून घाईत चुकीचं बटण दाबू नका, आणि ‘हातातलं काम संपवून बघतो’ असंही करू नका.

टप्पा ५: रागवा आणि लागू पडलं का ते बघा

सीने मीटरमधून बाहेर या, एने पुढे सरका, शिस्तीच्या चिन्हावर बी दाबा. एकदाच.

मग दोन खुणा तपासा. हाकेचं चिन्ह विझलं पाहिजे. आणि मीटरच्या दुसऱ्या पानावर शिस्तीची पट्टी एक चतुर्थांशाने पुढे सरकलेली दिसली पाहिजे. एका रागावण्याला २५ टक्के, म्हणजे रिकाम्या पट्टीपासून पूर्ण भरायला चार बरोबर रागावणी लागतात.

चिन्ह विझलं नाही आणि पट्टीही हलली नाही, तर हाक हट्टाची नव्हती. टप्पा ३ पासून पुन्हा तपासा. बहुतेक वेळा भुकेचं पान बघितलेलं असतं आणि आनंदाचं राहिलेलं असतं.

पट्टी हाक नसताना चढवता येत नाही. रिकामा वेळ मिळाला म्हणून चार वेळा शिस्तीचं बटण दाबलं, असं करून काही साधत नाही. पिल्लाने हट्ट केला पाहिजे, तुम्ही तो पकडला पाहिजे, आणि १५ मिनिटांच्या आत पकडला पाहिजे. असे हट्ट मोजकेच येतात. म्हणून एकेक हाक मोलाची.

टप्पा ६: नकार आला तर

हट्टाची दुसरी खूण म्हणजे नकार. जेवण पुढे केलं आणि पिल्लाने मान हलवली, किंवा खेळायला नाही म्हटलं. पण नकाराला आणखी दोन कारणं असू शकतात आणि ती आधी वगळावी लागतात.

पहिलं, पोट भरलेलं. भुकेची चारही हृदयं भरली असताना जेवण दिलं तर पिल्लू नाकारणारच. हे हट्ट नाही. हाकेचं चिन्ह विझलेलं असेल तर इथे रागवायचं काहीच कारण नाही.

दुसरं, आजारपण. कवटी दिसत असेल तर आधी औषध, बाकी सगळं नंतर.

ही दोन्ही नसतील, भुकेच्या मीटरमध्ये जागा असेल आणि तरी ते जेवण नाकारत असेल, तर तो हट्टच. इथे क्रम महत्त्वाचा: आधी रागवा, मग तेच जेवण पुन्हा द्या. बरोबर रागावला असाल तर दुसऱ्यांदा ते खाईल. भूक शून्यावर गेलेली असताना ते नाकारत असेल तरी हाच क्रम. उपाशी आहे म्हणून पुन्हापुन्हा ताट पुढे करत राहिलात तर १५ मिनिटं संपतात, शिस्तही हुकते आणि भुकेची हाकही.

टप्पा ७: वय बघून लक्ष द्या

*पहिला तास.* अंडं फुटायला ५ मिनिटं लागतात. त्यातून बेबित्ची निघतं, साधारण तासभर तसंच राहतं, आणि जन्मतः त्याची सगळी हृदयं रिकामी असतात. दर तीन-चार मिनिटांनी एक हृदय जातं, मधे एक छोटी डुलकीही काढतं. या तासात खेळणं हातातून खाली ठेवू नका. इथल्या हाका भुकेच्या आणि कंटाळ्याच्या असतात, शिस्तीची घाई करू नका.

*मारुत्ची.* तासाभरानंतरचं हे गोल पिल्लू. शिस्तीचा खरा काळ इथे सुरू होतो. रात्री आठला झोपतं, सकाळी नऊला उठतं. आपला एक दिवस म्हणजे तामागोचीचं एक वर्ष, आणि साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत हे रूप राहतं. म्हणजे तुमच्या हातात दोन-तीन दिवसच आहेत. नवीन पिल्लू शुक्रवारी संध्याकाळी सुरू केलं तर हे दिवस शनिवार-रविवारी येतात आणि हाका हुकत नाहीत.

*किशोर रूप.* देखभाल नीट झाली असेल तर तामात्ची, चुका जास्त झाल्या असतील तर कुचितामात्ची. इथे एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. तामात्ची आतून दोन प्रकारचा असतो. चेहरा तोच, पण लहानपणी शिस्त हुकलेली असेल तर त्याचा पुढे मामेत्ची, म्हणजे मोठेपणीचं सगळ्यात चांगलं पात्र, होत नाही. म्हणून मारुत्चीच्या दिवसांतली शिस्त नंतर भरून काढता येईल असं समजू नका. रूप बदललं की मीटरचं दुसरं पान उघडून पट्टी कुठे आहे ते नव्याने बघा, आधीचा आकडा तसाच असेल असं गृहीत धरू नका. किशोर रूप रात्री नऊला झोपतं आणि सकाळी नऊला उठतं.

*मोठं झाल्यावर.* कुठलं पात्र निघालं यावरून तुमचा हिशेब कळतो. देखभालीच्या चुका कमी आणि शिस्त पूर्ण, तर मामेत्ची. देखभाल तशीच चांगली पण शिस्त जरा कमी पडली, तर गिंजिरोत्ची. देखभाल चांगली आणि शिस्त बरीच कमी, तर मास्कुत्ची. देखभालीच्याच चुका जास्त असतील तर कुचिपात्ची, न्योरोत्ची, ताराकोत्ची, आणि त्यातही शिस्त जितकी कमी तितकं पुढचं नाव.

ही दोन खाती वेगळी ठेवा. खऱ्या हाकेला १५ मिनिटांत उत्तर दिलं नाही तर देखभालीची चूक. हट्टाच्या हाकेला रागावलं नाही तर शिस्तीची चूक. एका खात्यातली कमाई दुसऱ्यात वळवता येत नाही. जेवण कितीही वेळेवर दिलं तरी शिस्तीची पट्टी त्याने एक काडीभरही चढत नाही.

मास्कुत्ची निघाला म्हणून मात्र खेळणं बंद करू नका. या पिढीतलं गुप्त पात्र, ओयाजित्ची, त्याच्यापासूनच येतं.

टप्पा ८: शाळा, ऑफिस आणि प्रवास

दिवसभर १५ मिनिटांच्या आत उत्तर देणं सगळ्यांना जमणार नाही. त्यासाठी पिल्लू थांबवून ठेवायची सोय आहे. बी दाबून घड्याळ आणा, ए आणि सी एकदम दाबून वेळ लावायच्या पडद्यावर जा आणि तिथेच ठेवा. तोपर्यंत भूक वाढत नाही, वयही वाढत नाही.

पण क्रम पाळा. आधी चालू असलेली हाक मिटवा, दोन्ही मीटर भरा, घाण साफ करा, मगच थांबवा. परत आल्यावर घड्याळ मागे पडलेलं असतं, म्हणून खरी वेळ लावूनच पक्कं करा. सकाळी दहाला थांबवलं आणि संध्याकाळी सहाला तसंच सुरू केलं तर पिल्लाच्या लेखी सकाळचे दहाच वाजलेले असतील, आणि ते नेहमीपेक्षा आठ तास उशिरा झोपेल, म्हणजे तुम्ही झोपल्यावरही जागं राहून हाका मारेल. त्या सगळ्या हाका हुकतात.

दुसऱ्या कोणाकडे सोपवायचं असेल तर एवढंच सांगा: ‘हाक आली की आधी मीटर बघ. कुठे शून्य असेल तर भर. शून्य नसेल तर तोंडाच्या चिन्हावर एकदा दाब.’ लहान मुलाला सांगताना खेळणं हातात घेऊन मीटरची चारही पानं एकदा बोटाने दाखवा. तोंडी सांगितलेलं राहत नाही.

नेहमी होणाऱ्या चुका

*हाक आपोआप थांबली म्हणजे पिल्लू शांत झालं असं समजणं.* सगळ्यात जास्त नुकसान या एका समजुतीने होतं. चिन्ह विझतं ते वेळ संपली म्हणून. हट्टाची हाक असेल तर शिस्तीची संधी गेली, खरी असेल तर देखभालीची चूक नोंदली गेली आणि हृदयं अजून रिकामीच आहेत. खेळणं हातात घेतल्यावर चिन्ह विझलेलं असलं तरी मीटर उघडाच.

*हट्टाच्या हाकेला खाऊ देणं.* पट्टी चढत नाही, वजन मात्र चढतं. रडणाऱ्या मुलाच्या हातात चॉकलेट द्यावं तसं हे आहे, फरक इतकाच की तामागोची त्याचा हिशेब पक्का ठेवतं.

*खऱ्या भुकेला रागावणं.* भूक मिटत नाही, १५ मिनिटं मात्र सरत राहतात. रागावून ‘काम झालं’ असं वाटतं आणि खेळणं बाजूला ठेवलं जातं, तोवर हाक हुकते.

*रात्री झोपताना न बघणं.* झोपेची खूण आली की दिवा घालवायचाच. मोठी पात्रं रात्री दहा-अकराला झोपतात. त्या वेळेला घरात सगळे जागे असतात, पण खेळणं दप्तरात असतं. रात्रीच्या जेवणानंतर ते टेबलावर, नजरेसमोर काढून ठेवा.

*अर्धं मीटर वाचणं.* भुकेचं पान दिसलं की लोक थांबतात. आनंदाचं पान त्याच्या पुढे आहे. बी आणखी एकदा दाबा, चारही पानं पूर्ण करा, मगच रागवायचं की भरवायचं ते ठरवा.

एखादी शिस्तीची हाक हुकलीच तर

पिल्लू लगेच बाद करून नवीन अंडं सुरू करू नका. देखभालीचं खातं अजून तुमच्या हातात आहे. वहीत हुकलेल्या हाकेची वेळ लिहा आणि दोन दिवसांच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवा. हाका ठरावीक वेळीच हुकत असतील, समजा रोज दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान, तर तेव्हा खेळणं कुठे असतं ते शोधा: दप्तरात, गादीखाली, आवाज बंद करून कपाटात. त्या वेळेपुरतं ते घड्याळाच्या पडद्यावर थांबवा किंवा घरातल्या कोणाच्या तरी हातात द्या. संध्याकाळी परत घेताना पहिलं काम वेळ दुरुस्त करण्याचं, दुसरं मीटरची चारही पानं बघण्याचं.